बोंडांची वाईन: एका काजू हंगामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

वरच्या अंगाच्या दोन झाडांखाली आज हंगामातली पहिली बोंडे, म्हणजे बी ज्याला लटकते ती काजूची रसाळ फळे, मिळाली. सहा पिवळी, एक तांबडे. बिया पिरगळून काढल्या, बोंडे धुतली आणि एक तिथेच उभ्या उभ्या चावले. गोड, रसरशीत, आणि गिळताना घसा धरणारे. हनुवटीवरून ओघळलेला रस पदराला लागला. तो डाग आता जन्मभर जाणार नाही.

ह्या वर्षीपासून नोंदी नीट ठेवायच्या ठरवल्या आहेत. काम एकच आहे: आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बागेच्या बोंडांपासून चांगली वाईन करायची. आंबवलेली, पण भट्टीवर न चढवलेली.

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. त्याच्या बोंडापासून फेणी काढायची कला मात्र इथल्या हातांची. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मामाने भट्टीवर नारळ फोडला होता. फेणीबद्दल मला आदरच आहे, मी त्याच भट्टीच्या धुरात वाढले. पण दोनदा उकळून वाफ धरली की बोंडाचा रंग जातो, आंबटगोड चव जाते, रसाचा मऊपणा जातो. निरो प्यायलेल्या माणसाला ते कळते. दाबलेल्या चोथ्यातून थेंबथेंब गळणारा तो स्वच्छ रस सकाळी प्यायला की वाटते, ही चव कुठेतरी टिकवता आली पाहिजे.

गेली दोन वर्षे रात्री वाचते आहे ते थंड मुलखातल्या वाईनबद्दल. अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांच्याही पलीकडे उतरतो. युरोपातल्या नामांकित द्राक्षवेली तिथे गोठून मरतात. मग तिथल्या विद्यापीठाने नदीकाठच्या रानटी द्राक्षाशी संकर करून स्वतःचे वाण काढले. १९९६ साली फ्रॉन्टेनॅक, २००२ साली ला क्रेसेंट. आपल्याकडे अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात टागे रीता ह्या कृषी अभियंता बाईंनी २०१७ साली किवीची वाईन बाजारात आणली. तिथले शेतकरी भाव नाही म्हणून किवी टाकून देत होते. आमच्या तालुक्यात बी काढून घेतल्यावर किती बोंडे झाडाखाली कुजतात, ते मी रोज बघते.

त्यांना थंडी नडते, आम्हांला उकाडा. पण जिथे वाईन होणार नाही असे सगळे म्हणतात तिथे ती कशी करावी, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

परवान्याचे कागद आधीच पुरे केले आहेत. ह्या वर्षी विक्री नाही. फक्त चाचणी.

३ मार्च

सामान जमले. हायड्रोमीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायला), पीएच मीटर (आम्ल मोजायला), वीस लिटरच्या दोन काचेच्या बरण्या, एअरलॉक (वायू बाहेर जाऊ देणारे, हवा आत न येऊ देणारे झाकण), हाताने फिरवायचा स्क्रू प्रेस.

आजच्या रसाची मोजमापे: साखर १२ ब्रिक्स (शंभर ग्रॅम रसात साधारण बारा ग्रॅम साखर), पीएच ४.३ (हा आकडा जितका मोठा तितके आम्ल कमी). चार वेगवेगळ्या झाडांचा रस तपासला, ११ ते १३ ब्रिक्सच्या मध्येच सगळा.

दोन्ही आकड्यांवर बराच वेळ बसले. बारा ब्रिक्सची वाईन फार तर सहा-सात टक्क्यांची होईल आणि आमच्या हवेत महिनाभरही टिकणार नाही. म्हणजे साखर घालावी लागणार. ह्याची लाज वाटायचे कारण नाही. फ्रान्सच्या थंड भागात द्राक्षे पुरती पिकत नसत म्हणून रसात साखर घालायची रीत होती, आणि जाँ-आंत्वान शॅप्टल ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८०१ साली ती शास्त्रशुद्ध मांडून दिली. पुढे त्या रीतीला त्याचेच नाव पडले. हिशेब सोपा आहे: लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का मद्यार्क.

आम्लाचे मात्र उलटे आहे. थंड मुलखातल्या पुस्तकांत पानेच्या पाने आम्ल कमी कसे करावे ह्यावर लिहिलेली. त्यांची द्राक्षे इतकी आंबट की दात आंबतात. आमच्या बोंडात आम्लच कमी. तिथे काढायचे ते इथे घालायचे.

यीस्ट निवडताना ह्याच कारणाने एक चूक होता होता राहिली. फळांच्या वाईनला ७१बी जातीचे यीस्ट चांगले, असे जिथे तिथे वाचले आणि एक पाकीट मागवलेही. मग लक्षात आले की हे यीस्ट मॅलिक आम्लाचा बराच भाग स्वतःच खाऊन टाकते. थंड प्रदेशात तोच त्याचा गुण. बोंडाच्या रसात जे थोडे आम्ल आहे ते मुख्यतः मॅलिकच, ते खाऊन टाकले तर हातात काय राहणार? ते पाकीट बाजूला ठेवले. ईसी-१११८ आणि के१-व्ही१११६ ही दोन घ्यायची. पहिले १० ते ३० अंशांत काम करते, दुसरे ३५ पर्यंत तग धरते.

१० मार्च

पहिला घट. मुद्दाम भट्टीच्याच रीतीने केला. मामाच्या कोळमीत, म्हणजे बोंडे तुडवायच्या जागी, तुडवलेला रस १० लिटर घेतला, साखर घालून २० ब्रिक्सवर आणला, यीस्ट घातले नाही. बरणी पडवीत, सावलीला. दुपारी पडवीत ३३ अंश.

१२ मार्च

बरणीच्या आत ३६ अंश. फेस तोंडापर्यंत आला आहे. साखर आंबताना स्वतःच ऊब सोडते. उष्णता बाहेर पडू दिली नाही तर एकेका ब्रिक्समागे रस साधारण १.३ अंशांनी तापतो. वीस ब्रिक्स म्हणजे सव्वीस अंशांची वाढ. बरणी काचेची आणि लहान म्हणून बरीच ऊब बाहेर जाते, पण ३३ अंशांच्या हवेत ती जाणार तरी कुठे?

१४ मार्च

गेला. झाकण काढताच नेलपॉलिशचा वास. इथिल ॲसिटेट. त्याच्या मागोमाग शिरक्याची चाहूल.

मामाला बोलावले. वाटले होते, वाया जाण्यापेक्षा भट्टीत तरी घालावे. त्याने बोट बुडवून हुंगले आणि मान हलवली.

"नको बाय. हा वास वाफेबरोबर वर येतो. माझी अख्खी लावणी बाटवील." (लावणी म्हणजे वाफ थंड होऊन दारू जमते ते मडके.)

"मग तुमचाही रस असाच उघड्यावर आंबतो, तो कसा चालतो?"

"आमचा दोन-तीन दिवसांत भट्टीवर चढतो. त्याला आठ महिने तोंड दाखवायचे नसते. तुझ्याला दाखवायचे आहे."

भट्टीत सुरुवातीचे आणि शेवटचे बाजूला काढून मधले धरता येते. वाईनला अशी दुसरी संधी नाही, जे आंबताना झाले तेच शेवटी बाटलीत. दहा लिटर रस माडांच्या आळ्यात ओतला.

१७ मार्च

आजचा दिवस साबुदाण्याचा.

तुरटपणा टॅनिनचा. तो थोडा हवा, नाहीतर वाईन पाण्यासारखी लागते. पण बोंडात तो फार. जिलेटीनने खाली बसवता येतो, पण आमच्या घरात ते चालणार नाही आणि ज्यांना ही वाईन पुढे द्यायची त्यांच्यातल्याही कित्येकांना चालणार नाही. काजूच्या रसासाठी साबुदाणा वापरतात: लिटरला ५ ग्रॅम, पूड करून, पाण्यात शिजवून.

आजीच्या उपासाच्या डब्यातून शंभर ग्रॅम घेतला, मिक्सरला फिरवला आणि पाण्यात ढवळत शिजवला. पांढरी पूड हळूहळू काचेसारखी होते आणि खळ तयार होते. कोमट झाल्यावर रसात ओतली आणि लाकडी पळीने पाच मिनिटे ढवळले. मग एक पेलाभर काढून खिडकीत उजेडाला ठेवला.

पहिली पाच मिनिटे काही नाही. गढूळ पिवळा रस, तांदळाच्या धुवणासारखा. मग पेल्याच्या मधोमध लहान लहान कण दिसू लागले. ते एकमेकांना चिकटत गेले, दूध फाटताना दिसते तसे, आणि फाटलेल्या चोथ्याचे ढग सावकाश खाली सरकू लागले. तासाभरात वरचे दोन बोटे पाणी स्वच्छ. आजी माळ हातात घेऊन शेजारी येऊन बसली आणि जप विसरून पेल्याकडे बघत राहिली. रात्री सगळा रस झाकून ठेवला.

सकाळी वरचा रस नळीने उतरवून घेतला. सोनेरी, आरपार दिसणारा. चाखला: गोडी तीच, वास तोच, घशाची पकड निम्म्याहून कमी. संबंध हंगामात ह्याहून चांगले काम हातून होईल असे वाटत नाही.

२४ मार्च, होळी

दुसरा घट. गार करायची सोय करून.

आधी ओल्या गोणपाटाने बरणी गुंडाळून पाहिली. नाशकात कोरड्या हवेत मडक्यातले पाणी कसे थंडगार होते! आमच्याकडे हवाच पाण्याने भरलेली, फडक्यातले पाणी उडेल कुठे? दिवसभर फडके ओले ठेवून बरणी २८ अंशांच्या खाली उतरली नाही.

शेवटी जुना डीप फ्रीझर विकत घेतला आणि त्याला तापमानावर बंद-चालू होणारा स्विच जोडला. मोठी बरणी आत बरोबर मावते.

रस २० लिटर, साबुदाण्याने निवळलेला. साखर २.४ किलो, म्हणजे २१ ब्रिक्स. टार्टारिक आम्ल ४० ग्रॅम, पीएच ३.८ वर आला. कोकमाचे आगळ घालायचा मोह झाला होता, पण त्यात मीठ असते. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (जंतू आवरणारे सल्फाइट) पावणेदोन ग्रॅम, एक दिवस थांबून मग ईसी-१११८. फ्रीझर १७ अंशांवर.

बाहेर होळी पेटली आहे आणि आमच्या कोठारात एका पेटीत डिसेंबरातली पहाट.

२९ मार्च

सडक्या अंड्याचा वास. घाबरले, पण नोंद वाचून शांत झाले: यीस्टला नत्र कमी पडले की हा वास येतो. डायअमोनियम फॉस्फेट ५ ग्रॅम पाण्यात विरघळवून घातले, रस एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतला म्हणजे वायू निघून जावा. संध्याकाळपर्यंत वास अर्धा.

पुढच्या वेळी नत्र पहिल्या दिवशीच, वाट बघायची नाही.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर दुसरा घट गाळावरून उतरवला. घनता १.०८७ वरून ०.९९६, म्हणजे सुमारे बारा टक्के. सोळा दिवस लागले. पडवीतल्या घटाचा जोर चार दिवसांत संपला होता.

चव कच्ची, पण वास! पिकलेल्या अननसाच्या जवळचा, आणि त्याच्या मागे बोंड फुटल्यावर बागेत येतो तो. १७ अंशांना हा वास टिकला आणि ३६ ला हवेत गेला. रस एकाच बागेतला. आता कुणी विचारले की एवढा फ्रीझर कशाला, तर उत्तर आहे.

कमी कुठे आहे तेही लिहिते: मध्ये पोकळ लागते. टार्टारिकचा आंबटपणा वेगळा उभा राहतो, रसात मिसळत नाही.

२० एप्रिल

भिंडां, म्हणजे कोकमाची फळे, पिकली!

ओहोळाकाठची तीन झाडे जांभळ्या-तांबड्या फळांनी लगडली आहेत. ह्यासाठीच थांबले होते. कोकमाची साल इतकी आंबट की तिच्यापुढे लिंबू मवाळ, आणि रंग असा की हात दोन दिवस जांभळे. बोंडाकडे गोडी आणि वास आहे, आंबट आणि रंग नाही. कोकमाकडे नेमके उरलेले आहे. दोघे एकाच डोंगरावर, एकाच महिन्यात पिकतात.

आम्लाचा प्रश्न नुसत्या चवीचा नाही. सल्फाइटचा जो भाग खरोखर जंतूंना आवरतो तो पीएचवर ठरतो. ४.३ पीएचला जेवढा मिळतो त्याच्या सुमारे पाचपट ३.६ ला मिळतो, घातलेले सल्फाइट तेवढेच असले तरी. आमच्यासारख्या दमट, उकाड्याच्या जागी आम्ल म्हणजे राखणदार. थंड मुलखात हिवाळाच ती राखण फुकट करतो.

तिसरा घट. बोंडे फक्त वरच्या अंगाच्या त्या दोन झाडांची. त्यांचा रस १३ ब्रिक्स भरतो आणि वास इतरांहून जास्त. रस २० लिटर, साबुदाणा, साखर घालून २१ ब्रिक्स, ताजी कोकमाची साल १.२ किलो मलमलच्या पिशवीत बांधून आत सोडली. दुसऱ्या दिवशी पीएच ३.६. रंग गुलाबी, सोलकढीपेक्षा गडद आणि आरपार. नत्र पहिल्याच दिवशी.

हा घट दोन भागांत केला. दहा लिटर ईसी-१११८ घालून फ्रीझरमध्ये १८ अंशांवर. दहा लिटर के१-व्ही१११६ घालून पडवीत, पाण्याच्या टबात, २८-२९ अंशांवर. फ्रीझर एकच आहे, उद्या दोनशे लिटर करायचे झाले तर टबाने किती भागते ते कळायला हवे.

२४ एप्रिल

संध्याकाळी पाचला वळवाचा पाऊस. आधी वारा, मग गडगडाट, मग होंडा गावाच्या रस्त्यावर फणसाचे झाड तारांवर. वीज गेली. फ्रीझरच्या आत बरणी ऐन जोरात आंबत होती.

रात्री आठला १८ चे २१ झाले. फ्रीझर बंद असला की आतली ऊब आतच राहते, उघड्या पडवीपेक्षा वाईट. दहाला २४. कागद घेऊन बसले. दहा लिटरात साधारण अडीच किलो साखर, ती सगळी आंबताना सुमारे १३५० किलोज्यूल उष्णता सुटणार. एक किलो बर्फ वितळताना ३३४ ओढून घेतो. म्हणजे सगळ्या आंबण्याची ऊब शोषायला चार किलो बर्फ पुरे, बाहेरून शिरणाऱ्या उकाड्यासाठी त्याहून जास्त धरायचा.

दादा स्कूटर काढून वाळपईला मासळी विकणाऱ्या बाईंच्या घरी गेला. त्यांच्या थर्माकोलच्या पेटीत सकाळच्या इसवणांसाठी (सुरमईसाठी) बर्फाची अर्धी लादी होती. त्यांनी ती गोणपाटात गुंडाळून दिली, पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, आंबवण मरू देऊ नका, मासे उद्या नवा बर्फ घेतील.

घरी येईपर्यंत पाच-सहा किलो वितळला होता. लादी फोडली, तुकडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून बरणीभोवती रचले. मासळीचा वास होता म्हणून पिशव्यांना दोन-दोन गाठी. मध्यरात्री २१. पहाटे १९. मी आणि दादा आळीपाळीने जागलो. वीज सकाळी अकराला आली.

वाईनला काही झाले नाही. उद्या त्या बाईंना पाव डझन हापूस आणि आमच्या बागेतले काजूगर पोचवायचे.

५ मे

चौथा घट, थंड मुलखाची थेट नक्कल.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात द्राक्षे सहज होत नाहीत, सफरचंदे भरपूर होतात. तिथल्या लोकांनी सफरचंदाचा रस हिवाळ्यात बाहेर गोठू दिला. गोठताना पाण्याचा बर्फ होतो आणि साखर, वास, आम्ल उरलेल्या दाट रसात साठतात. तो दाट रस आंबवून त्यांनी बर्फाची सायडर केली. कॅनडातल्या बर्फ-वाईनला तर नियमच आहे: वेलीवरच गोठलेली द्राक्षे, उणे ८ अंश किंवा त्याखाली तोडलेली.

आमच्याकडे उणे काही नाही, पण फ्रीझर रिकामा झाला आहे. १२ लिटर रस डब्यांत गोठवला, मग डबे उपडे करून गळू दिला. पहिले ४ लिटर मिळाले ते २६ ब्रिक्स! चमचाभर साखर न घालता. रंग काळ्या गुळासारखा. मागे राहिला फिका बर्फ, वितळवून मोजला तर ५ ब्रिक्स.

१९ मे

चौथा घट मध्येच थांबवला, गोडी राखण्यासाठी: गार करून, सल्फाइट घालून. अंदाजे नऊ टक्के मद्यार्क.

मला तो आवडला नाही. गोडी साठली तशी तुरटाईही साठली, साबुदाणा दुप्पट घालूनही जिभेवर राप बसतो. आठ लिटर रस जवळजवळ पाणी होऊन गेला आणि फ्रीझर पाच दिवस पूर्ण जोरात चालला. क्युबेकमध्ये ती थंडी आकाशातून पडते, इथे ती विजेच्या बिलावर येते. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट त्यांची थंडी नव्हे. त्यांनी स्वतःच्या अंगणातले फळ आणि स्वतःच्या अंगणातली हवा घेऊन काय जमते ते पाहिले. आमच्या अंगणात ते बोंड आणि भिंड आहे. पुढच्या वर्षी चौथा घट नाही.

२ जून

हंगाम संपला. मामाने भट्टी सारवून बंद केली. ढग भरून आले आहेत.

दुसरा घट: १८ लिटर. तिसरा, गार: ९ लिटर. तिसरा, टबातला: ९ लिटर. चौथा: ३ लिटर. सगळे दुसऱ्यांदा उतरवून, बरण्या तोंडापर्यंत भरून, न्हाणीघरामागच्या दगडी खोलीत. घरातली तीच सर्वांत गार जागा, पावसात २५-२६ अंश.

२१ जुलै

पाऊस, पाऊस. भिंतींना बुरशी, कपड्यांना बुरशी. आठवड्यातून एकदा बरण्यांची तोंडे सल्फाइटच्या पाण्याने पुसते आणि एअरलॉकमधले पाणी बदलते.

काल रात्री चौथ्या घटाच्या एका बाटलीचे बूच उडाले. उरलेली साखर पुन्हा आंबू लागली. गोड वाईन बाटलीत भरायची तर यीस्ट पूर्ण गाळून काढायला हवे, तेवढी बारीक गाळणी माझ्याकडे नाही. उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, आणि त्या खोलीत कुणी मुलांना सोडायचे नाही अशी घरात सूचना.

१५ सप्टेंबर

चवथीची गडबड सरली. दुसरा आणि तिसरा घट बाटल्यांत भरला. दोन्ही न गाळता स्वच्छ. तिसऱ्याचा गुलाबी रंग थोडा विटकरीकडे झुकला आहे. रंग उजेडाने मरतो, म्हणून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. आज बाटल्या उघडल्या.

वहिनीने इसवणाचे तुकडे तळले, कोंबडीची शागोती केली. मामा, दादा, वहिनी, मी. आजी घेत नाही, पण पेला हुंगायला तिला बोलावले, कारण तिचे नाक आमच्या सगळ्यांहून खरे.

दुसरा घट: स्वच्छ, वासाला चांगला, मध्ये अजून पोकळ. माशाबरोबर चालला, नुसता नाही.

तिसरा, टबातला: वास कमी, पण आंबटगोडाचा तोल बरोबर, घशाला किंचित उबदार. वहिनीला हाच आवडला. म्हणजे फ्रीझर नसतानाही पिण्याजोगी वाईन होते, हे मोठे आहे. दोनशे लिटरांचा रस्ता इथूनच जातो.

तिसरा, गार केलेला: पेला नाकाशी नेताच एप्रिलातली बाग. बोंडाचा वास पुढे, त्याच्या पाठीमागे कोकमाची ओलसर आंबटाई, आणि गिळल्यावर घशात ती जुनी पकड, पण आता हलकी, हात धरल्यासारखी. शागोतीच्या मसाल्यापुढे तो दबला नाही. खोबऱ्याचा जडपणा त्याने प्रत्येक घोटाला धुऊन काढला.

आजीने पेला हातात घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "वरच्या दोन झाडांचा."

कुणी तिला सांगितले नव्हते.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्यांदा ओतून घेतले. हा माणूस चाळीस वर्षे बोंडाचे एकच रूप ओळखतो आणि त्यात त्याचा हात धरणारा आजूबाजूच्या गावांत कुणी नाही. मी गप्प राहिले. पेला रिकामा करून त्याने तो पालथा घातला.

"त्या दोन झाडांची बोंडे पुढच्या वर्षी मला देऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्या भट्टीत त्यांचा वास जळतो. आणि साबुदाणा घरचा नको वापरू, मी पोते आणून देतो."

बाटल्यांचा हिशेब: दुसऱ्या घटाच्या २१ शिल्लक, टबातल्याच्या १०, गार केलेल्याच्या ८. त्यांतल्या तीन पुढच्या नोव्हेंबरपर्यंत उघडायच्या नाहीत.

ऊन उतरल्यावर चुन्याचा डबा घेऊन वर गेले आणि त्या दोन झाडांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे मारले, म्हणजे फेब्रुवारीत बोंडे गोळा करणाऱ्यांना ती वेगळी कळतील. खालच्या फांद्यांना पालवी फुटली आहे. एका टोकाला मोहोराची सुरुवातही दिसली.